बंगला विकून फ्लॅटमध्ये: निवृत्तीनंतर घर लहान करताना हिशेब नेमका कुठे चुकतो?

पुण्यात प्रभात रोड, सहकारनगर किंवा मॉडेल कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांमधून चालत गेलं की एक चित्र हमखास दिसतं. पुढे नारळाचं किंवा आंब्याचं झाड, गंजायला आलेलं गेट, दुमजली बंगला आणि वरच्या मजल्याच्या बंद खिडक्या. घरात दोघंच, वय सत्तरीच्या पुढे. मुलगा बंगळुरूत, मुलगी अमेरिकेत. वरचा मजला मुलं सुट्टीला येतात तेव्हाच उघडतो. शेजारचा बंगला पाडून तिथे इमारत उभी राहिलेली असते आणि या बंगल्याबद्दलही एजंट दर महिन्याला विचारून जातात.

मग कधीतरी फॅमिली ग्रुपवर विषय निघतो. 'आई-बाबा, एवढं मोठं घर आता कशाला? विकून टाका, छान लिफ्टवाला फ्लॅट घ्या आणि उरलेल्या पैशांत आरामात राहा.'

सल्ला चुकीचा नाही. गुडघे दुखत असताना जिना चढणं, पावसाळ्यात गळणारी गच्ची, माळी, बंद पडलेला पंप आणि रात्री दोघंच असल्याची भीती, हे सगळं खरं आहे. पण या चर्चेत बहुतेकदा दोनच आकडे असतात, बंगल्याचे किती येतील आणि फ्लॅटला किती लागतील. कर, दरमहा खर्च, इमारतीचं वय आणि कागदावरचं नाव हे विषय नंतर येतात. आई-बाबांच्या हातात शेवटी काय उरणार, हे मात्र त्यांच्यावरच ठरतं.

हा प्रश्न आत्ताच इतक्या घरांत का?

पहिलं कारण लोकसंख्येचं. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या 'इंडिया एजिंग रिपोर्ट'नुसार २०२२ मध्ये भारतात ६० वर्षांवरचे सुमारे १४.९ कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १०.५ टक्के. २०५० पर्यंत हा आकडा ३४.७ कोटींवर, म्हणजे २०.८ टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे.

दुसरं कारण शहराच्या इतिहासात आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरं पडली. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा भागांत वसाहती झाल्या. पुढच्या काळात नोकरदारांनी गृहनिर्माण सोसायट्यांमधून प्लॉट घेऊन कर्ज काढून घरं बांधली. त्या पिढीची, किंवा तिच्या मुलांची, आज सत्तरी-ऐंशी चालू आहे.

काही हजारांत घेतलेल्या त्या जमिनीची किंमत आज कोटींत आहे. उत्पन्न मात्र पेन्शन आणि एफडीच्या व्याजाचं. म्हणजे कागदावर श्रीमंत आणि महिन्याच्या शेवटी काटकसर. ही अडचण सोडवायलाच अनेक जण घर लहान करायचा विचार करतात.

पहिलं काम: जमीन नेमकी कोणाची?

गिऱ्हाईक शोधण्याआधी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढून बघणं हे पहिलं काम. अनेक बंगले आजही आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतात. ते गेल्यावर वारस नोंद झालेली नसते. अशा वेळी बहिणी आणि पुतणे धरून सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. त्यातला एक जरी परदेशात असला तरी मुखत्यारपत्राची तयारी आधीपासून करावी लागते.

दुसरी गोष्ट जमिनीच्या प्रकाराची. सोसायटीला जमीन सरकारने भाडेपट्ट्याने किंवा अटींवर दिलेली असेल आणि ती 'भोगवटादार वर्ग २' मध्ये मोडत असेल, तर विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी पैसेही भरावे लागतात. टोकन घेतल्यावर हे लक्षात आलं तर व्यवहार महिनोन्‌महिने अडकतो.

कर: घर जितकं लहान, तितकी कराची रक्कम मोठी

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. 'घर विकून घर घेतलं की टॅक्स लागत नाही', असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे.

राहतं घर विकून झालेल्या नफ्यातून दुसरं घर घेतलं तर करसवलत मिळते. वर्षानुवर्षं ही सवलत 'कलम ५४' या नावाने ओळखली जाते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सवलतीचं तत्त्व तेच आहे. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतरपर्यंत नवं घर विकत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधायचं. पण सवलत नव्या घराच्या किमतीपुरतीच मिळते. नवं घर स्वस्त असेल तर उरलेला नफा करपात्र ठरतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक हिशेब बघू.

समजा, एका काका-काकूंनी बंगला ३ कोटींना विकला. घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. ती २० लाख निघाली. म्हणजे नफा २ कोटी ८० लाख.

- स्टॅम्प ड्युटीसह नवा फ्लॅट १ कोटी २० लाखांना पडला. तेवढा नफा करमुक्त.
- उरले १ कोटी ६० लाख.
- विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी बाँडमध्ये जास्तीत जास्त ५० लाख गुंतवून तेवढ्या नफ्यावरचा कर वाचवता येतो. हे पैसे पाच वर्षं अडकतात.
- तरीही १ कोटी १० लाख करपात्र राहिले. त्यावर १२.५ टक्के, म्हणजे १३ लाख ७५ हजार. सरचार्ज आणि सेस धरला तर आकडा १६ लाखांच्या पुढे.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी महागाई निर्देशांक, म्हणजे इंडेक्सेशन लावून २० टक्क्यांनी कर मोजण्याचाही पर्याय निवासी व्यक्तींना आहे. दोन्ही पद्धतींनी हिशेब करून कमी कर निघेल तो भरायचा. वरच्या उदाहरणात सवलती वजा केल्यावर इंडेक्सेशनसह २० टक्के फायद्याचे ठरू शकतात.

याच उदाहरणात बंगला खरोखर दोघांच्या मालकीचा असेल तर चित्र बदलतं. बाँडची ५० लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी मिळते. दोघांनी मिळून १ कोटी गुंतवले तर करपात्र नफा ६० लाखांवर येतो.

आणखी दोन ठिकाणी लोक अडखळतात. स्टॅम्प ड्युटी पुण्यात ७ टक्के आहे आणि महिला खरेदीदाराला १ टक्का सूट मिळते. म्हणून बंगला काकांच्या नावावर आणि फ्लॅट फक्त काकूंच्या नावावर, असा सल्ला दिला जातो. पण ज्याने घर विकलं त्यानेच नवं घर घ्यावं ही सवलतीची मूळ अट आहे. एक-सव्वा लाख वाचवताना लाखोंच्या सवलतीवर वाद ओढवू शकतो. फ्लॅट थेट मुलाच्या नावावर घेतला तर धोका आणखी मोठा.

दुसरं, ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. पण सहमालकांपैकी कोणी अनिवासी भारतीय असेल तर त्याच्या हिश्शाला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच मोठी होते. अमेरिकेतल्या मुलीचं नाव मिळकतीवर असेल तर हे आधीच सीएला सांगायला हवं.

'सोसायटी' आणि 'कॉन्डोमिनियम' यांत फरक आहे

कॉन्डोमिनियम हा शब्द परदेशी वाटला तरी तो महाराष्ट्राच्या कायद्यातला आहे. पुण्यात गेटवर 'अमुक अपार्टमेंट' असं लिहिलेल्या कितीतरी इमारती सोसायट्या नसतात. त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची कॉन्डोमिनियम असतात.

सहकारी सोसायटीत फ्लॅटधारक सभासद असतो. त्याच्याकडे शेअर सर्टिफिकेट असतं आणि कन्व्हेयन्स झालेलं असेल तर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर असते. कॉन्डोमिनियममध्ये फ्लॅटसोबत जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्केवारीने थेट मालकाच्या नावावर येतो. त्यासाठी डीड ऑफ डिक्लरेशन आणि डीड ऑफ अपार्टमेंट ही कागदपत्रं लागतात.

फरक खिशालाही जाणवतो. सोसायटीत सुरक्षा, सफाई, सामायिक वीज असे सेवा खर्च प्रत्येक फ्लॅटला समान वाटले जातात, फ्लॅट लहान असो की मोठा. कॉन्डोमिनियममध्ये खर्च हिश्शाच्या टक्केवारीने वाटायचा असतो. पुण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच मान्य केलं. म्हणजे वन बीएचके घेणाऱ्या ज्येष्ठ जोडप्याला कॉन्डोमिनियममध्ये मेंटेनन्स कमी आणि सोसायटीत तुलनेने जास्त पडू शकतो. फ्लॅट बघायला गेल्यावर पार्किंगइतकाच हा प्रश्नही विचारायला हवा.

दरमहा किती जाणार?

बंगल्यात खर्च टाळता येतो. यंदा रंग नको, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता येतं. फ्लॅटमध्ये बिल दर महिन्याला किंवा तिमाहीला येतंच. आदर्श उपविधींनुसार सोसायटीत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के घेतले जातात. लिफ्टचा खर्च तळमजल्यावरच्यालाही द्यावा लागतो. मेंटेनन्स महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा जास्त असली, तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

जलतरण तलाव, जिम आणि क्लबहाऊसचे पैसे न वापरताही द्यावे लागतात. आज ५,००० असलेला मेंटेनन्स दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांत जवळपास १०,००० होतो. पेन्शन त्या वेगाने वाढते का, हे प्रत्येकाने तपासावं.

उत्पन्नाची बाजूही आहे. सिनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत पैसे ठेवता येतात. २०२५ मधल्या ८.२ टक्के दराने त्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळतं. पती-पत्नी दोघांनी पूर्ण मर्यादा वापरली तर महिन्याला सरासरी ४१,००० रुपये. हे व्याज करपात्र आहे, तरी मेंटेनन्स, औषधं आणि कामवाल्या मावशींचा पगार त्यातून निघू शकतो. अट एकच, बंगल्याचे पैसे आई-बाबांच्याच खात्यात राहिलेले असले पाहिजेत.

जुन्या इमारतीतला 'स्वस्त' फ्लॅट

ओळखीचा भाग, भाजीवाला, डॉक्टर आणि सकाळची फिरायची टोळी सुटू नये म्हणून अनेक जण त्याच परिसरात रिसेलचा फ्लॅट शोधतात. कारण योग्यच आहे. पण अशा भागांतल्या इमारती बऱ्याचदा तीस-पस्तीस वर्षं जुन्या असतात आणि त्या पुनर्विकासाच्या रांगेत असतात.

राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे ७२ व्या वर्षी फ्लॅट घेतला आणि ७५ व्या वर्षी सामान बांधून भाड्याच्या घरात जायची वेळ आली, असं होऊ शकतं. नवी इमारत मिळते हे खरं, पण तीन वर्षांचं बांधकाम पाच वर्षांवर गेलं तर ती वाट बघणाऱ्याचं वय ऐंशी असतं. त्यामुळे फ्लॅट बघताना इमारतीचं वय, कन्व्हेयन्स झालंय का आणि गेल्या दोन सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तात पुनर्विकासाचा विषय आहे का, हे बघणं महत्त्वाचं.

खर्चाच्या बाजूने एक दिलासा आहे. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचं अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'देणगी' म्हणून लाखभर मागितले तर ते नियमाबाहेरचं आहे.

ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प: जाहिरात आणि निकष

पुण्यात 'अथश्री'सारखे फक्त ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प बरीच वर्षं आहेत आणि आता असे प्रकल्प वाढताहेत. नुसतं 'सिनियर लिव्हिंग' लिहून घरं विकली जाऊ नयेत म्हणून महारेराने २०२४ मध्ये किमान निकष ठरवले. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद आणि उंबरठ्याशिवाय, जिना किमान १,५०० मिलिमीटर रुंद, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, दोन्ही बाजूंना कठडे, न घसरणाऱ्या फरशा, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, बाहेर उघडणारे दरवाजे आणि आपत्कालीन घंटा, असे ते आहेत.

हे निकष ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना लागू आहेत. पण साधा फ्लॅट घेतानाही हीच यादी आणि एक मेजपट्टी घेऊन गेलं तर उपयोग होतो. व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून जात नसेल तर लिफ्ट असून फायदा अर्धाच. आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे वॉचमनला विचारलेलं बरं.

सगळ्यात नाजूक प्रश्न: नाव कोणाचं?

'नाहीतरी पुढे मुलांचंच आहे' या वाक्याने अनेक घरांत व्यवहार होतात. फ्लॅट मुलाच्या नावावर, उरलेली रक्कम मुलाच्या गृहकर्जात. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. त्यामुळे हे करणं सोपंही आहे.

परत घेणं सोपं नाही. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात म्हटलं. २ जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला हवा असं सांगत आईला घर परत दिलं. तरीही तिथपर्यंत पोहोचायला खालच्या पातळीपासून लढावं लागलं होतं.

इथे मुलांवर अविश्वास दाखवायचा मुद्दा नाही. मुलाचा घटस्फोट, धंद्यातलं नुकसान किंवा अचानक मृत्यू यांतही त्याच्या नावावरचं घर वादात सापडतं. साधा मार्ग म्हणजे फ्लॅट आणि पैसे दोघांच्या नावावर ठेवायचे आणि मृत्युपत्र करायचं. नॉमिनी लावला म्हणजे झालं असंही नाही. सोसायटीत नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो, मालक नव्हे.

न विकता काही करता येतं का?

येतं. बंगला भाड्याने देऊन स्वतः भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता येतं. मन तयार नसेल तर हा चांगला मधला मार्ग आहे. बिल्डरला विकसनासाठी देऊन त्याच जागेवर फ्लॅट घेता येतात. नोंदणीकृत करार असेल तर त्यातला कर साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो, पण बिल्डर अडकला तर घर आणि पैसे दोन्ही अडकतात. २००७ मध्ये आलेल्या रिव्हर्स मॉर्गेजमध्ये ६० वर्षांवरच्यांना राहत्या घरावर बँक ठरावीक रक्कम देते आणि दोघांच्या पश्चात घरातून वसूल करते. ही योजना आपल्याकडे फारशी रुजली नाही. घर गहाण ठेवणं म्हणजे काहीतरी वाईट, ही भावना त्यामागे आहेच.

मग कधी ठरवायचं?

बरीच घरं हा निर्णय पडल्यानंतर घेतात. बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, मुलगी पंधरा दिवसांच्या रजेवर येते आणि त्या पंधरा दिवसांत बंगल्याचा सौदा होतो. घाईत भाव कमी मिळतो, फ्लॅट मुलांच्या सोयीने निवडला जातो आणि चाळीस वर्षांचं सामान तीन दिवसांत निघतं. त्यात आजीची तांब्याची भांडी, दिवाणाखालचे फोटो आणि अंगणातली तुळसही असते.

कायद्याने मात्र वेळ दिलेला आहे. घर विकल्यावर नवं घर घ्यायला दोन वर्षं मिळतात. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेतलं नसेल तर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये ठेवता येते. त्याहून चांगलं म्हणजे बंगला विकण्याआधीच सहा महिने आवडलेल्या भागात फ्लॅट भाड्याने घेऊन राहून बघणं. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं का, रात्री रिक्षा मिळते का, शेजारी दार उघडतात का, हे ब्रोशरमधून कळत नाही.

सहा महिन्यांचं भाडं जाईल. पण राहून बघितल्यावर काकू 'इथे नाही जमत' म्हणाल्या, तर परत यायला बंगला जागेवर असेल.